दुसरी भाषा कोणी शिकायची? कॅनडाच्या संसदेतील एका जुन्या वादाचा इतिहास

#थ्रेड

१/ डिसेंबर १७९२. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या क्वेबेक शहरात लोअर कॅनडा प्रांताची पहिली लोकनियुक्त विधानसभा भरली. हा मुलूख १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रान्सकडून ब्रिटनकडे गेलेला होता. राजा इंग्रज, गव्हर्नर इंग्रज, मोठे व्यापारीही बहुतांशी इंग्रज. प्रजा मात्र फ्रेंच बोलणारी. सभेपुढचे पहिलेच काम होते अध्यक्षाची निवड. फ्रेंच सदस्यांनी ज्याँ-आंत्वान पाने या वकिलाचे नाव पुढे केले. इंग्रज सदस्यांचा आक्षेप असा, की ज्याला राज्यकर्त्यांची भाषा नीट येत नाही तो गव्हर्नरापुढे सभेची बाजू कशी मांडणार? मतदान झाले. २८ विरुद्ध १८ मतांनी पाने अध्यक्ष झाले.

२/ पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७९३ मध्ये, सभेचे कामकाज कोणत्या भाषेत नोंदवावे यावर मोठी चर्चा झाली. त्या चर्चेचे चार्ल्स ह्युओ या चित्रकाराने काढलेले भव्य चित्र आजही क्वेबेकच्या विधिमंडळात अध्यक्षांच्या आसनामागे वरच्या बाजूस दिसते. म्हणजे कॅनडातील संसदीय लोकशाहीचा जन्म आणि भाषेचा वाद ही जुळी भावंडेच होत. आणि या वादाच्या मुळाशी एकच प्रश्न सतत राहिला : दोन भाषांचा देश चालवायचा, तर दुसरी भाषा शिकण्याचा भार कोणी वाहायचा? नागरिकाने, की त्याच्यावर राज्य करणाऱ्याने?

३/ बराच काळ याचे उत्तर एकतर्फी होते. १८३७-३८ च्या बंडानंतर ब्रिटनने लॉर्ड डरहॅम यांना चौकशीसाठी पाठवले. १८३९ च्या आपल्या अहवालात त्यांनी फ्रेंच कॅनेडियनांना इंग्रजी समाजात विलीन करून घेण्याचा मार्ग सुचवला. १८४० च्या एकत्रीकरण कायद्याने दोन प्रांत जोडले गेले आणि त्याच्या ४१ व्या कलमाने विधिमंडळाच्या अधिकृत दप्तराची भाषा केवळ इंग्रजी ठरवली. तोंडी फ्रेंच बोलण्यास बंदी नव्हती. पण बोललेले कागदावर त्या भाषेत उरणार नव्हते.

४/ सप्टेंबर १८४२ मध्ये किंग्स्टन येथे भरलेल्या सभेत लुई-इपोलित लाफोंतेन हे फ्रेंच कॅनेडियनांचे नेते बोलण्यास उभे राहिले आणि त्यांनी फ्रेंचमधून सुरुवात केली. मध्येच एका सदस्याने त्यांना इंग्रजीत बोलण्याची विनंती केली. लाफोंतेन यांचे उत्तर कॅनडाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की आपले इंग्रजी तितके चांगले नाही. पण ते फ्रेंचइतकेच चांगले असते तरीही या सभागृहातील पहिले भाषण आपण मातृभाषेतूनच केले असते, कारण त्या भाषेवर झालेल्या अन्यायाचा निषेध करणे आपले कर्तव्य आहे.

५/ १८४८ मध्ये ते कलम रद्द झाले. जानेवारी १८४९ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड एल्गिन यांनी विधिमंडळापुढील अभिभाषण इंग्रजीबरोबरच फ्रेंचमधूनही वाचले. एल्गिन स्वतः उत्तम फ्रेंच जाणत. सत्तेच्या सर्वोच्च आसनावरील माणसाने प्रजेची भाषा उच्चारणे, ही गोष्ट त्या काळी केवढी मोठी वाटली असेल याची कल्पना करता येते. पण ही एका व्यक्तीच्या शिक्षणाची आणि सौजन्याची बाब होती. व्यवस्था म्हणून त्यामागे काहीही उभे नव्हते.

६/ १८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य स्थापन झाले. घटनात्मक कायद्याच्या १३३ व्या कलमाने संघाच्या संसदेत आणि क्वेबेकच्या विधिमंडळात कोणत्याही सदस्याला इंग्रजी वा फ्रेंच बोलण्याचा अधिकार दिला. दप्तर आणि कायदे दोन्ही भाषांत ठेवणे बंधनकारक झाले. या कलमातील बारकावा महत्त्वाचा आहे. त्याने बोलणाऱ्याला हक्क दिला. ऐकणाऱ्यावर समजून घेण्याचे बंधन घातले नाही. खासदाराने फ्रेंच बोलावे, आणि शेजारच्या बाकावरील खासदाराने त्यातील एक शब्दही न कळता बसून राहावे, हे पूर्णपणे घटनेला धरून होते.

७/ दुसऱ्या भाषेच्या ज्ञानाची अट सभागृहाने घातली ती एकाच पदासाठी. १८८५ मध्ये कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्सने, उपाध्यक्षांचे पद निर्माण करताना नियम केला : अध्यक्षांची जी भाषा नसेल, त्या दुसऱ्या भाषेचे पूर्ण आणि व्यावहारिक ज्ञान उपाध्यक्षांना असले पाहिजे. हा नियम आजही स्थायी आदेशांत आहे. त्यामागची व्यवहारबुद्धी साधी होती. एका माणसाला दोन भाषा येणे कठीण, तर दोन माणसे मिळून द्विभाषिक करावीत. पाने यांच्या निवडीवेळी उठलेल्या आक्षेपाला मिळालेले हे ९३ वर्षांनंतरचे उत्तर होते.

८/ कागदावरचा हक्क आणि सभागृहातील वास्तव यांत मात्र मोठे अंतर राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओटावातील फ्रेंच खासदाराला आपले म्हणणे बहुसंख्यांच्या कानी पडावे असे वाटले, तर इंग्रजीच बोलावे लागे. फ्रेंच भाषणाचे भाषांतर छापील अहवालात नंतर येई. तोवर चर्चा पुढे सरकलेली असे. सरकारच्या दैनंदिन व्यवहाराची गतीही अशीच होती. टपाल तिकिटांवर दोन भाषा आल्या १९२७ मध्ये, चलनी नोटांवर १९३७ मध्ये, आणि सरकारी धनादेशांवर थेट १९६२ मध्ये.

९/ १९५८ च्या निवडणुकीत जॉन डीफेनबेकर यांच्या पुराणमतवादी पक्षाने २६५ पैकी २०८ जागा जिंकल्या, त्यांत क्वेबेकमधील ५० होत्या. सत्ताधारी बाकांवर एकदम इतके फ्रेंच भाषिक सदस्य आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सभागृहाने तत्काळ भाषांतराची सोय करण्याचा ठराव संमत केला आणि जानेवारी १९५९ पासून काचेआडच्या कक्षात दुभाषे बसू लागले. सदस्य कानाला यंत्र लावून दुसऱ्या भाषेतील भाषण त्याच क्षणी ऐकू लागले. (आपल्या लोकसभेत हिंदी-इंग्रजीची अशी सोय १९६४ मध्ये आली.) डीफेनबेकर यांचे स्वतःचे फ्रेंच मात्र शेवटपर्यंत थट्टेचाच विषय राहिले.

१०/ भाषांतराच्या यंत्राने सभागृहातील प्रश्न बराचसा सोडवला. पण संसदेचे काम केवळ सभागृहात होत नाही. ते पक्षाच्या बैठकीत, समितीच्या मसुद्यात, जेवणाच्या टेबलावर, दालनाबाहेरच्या ओसरीत होते. तेथे दुभाषी नसतो. मंत्र्याला भेटायला आलेल्या शेतकऱ्याबरोबर, मतदारसंघातून आलेल्या दूरध्वनीवर, विधेयकातील एका शब्दावर रात्री उशिरा चाललेल्या वाटाघाटीत कानाला यंत्र लावता येत नाही. तेथे माणसालाच भाषा यावी लागते.

११/ १९६३ च्या निवडणुकीत क्वेबेकमधील सें-मोरिस मतदारसंघातून २९ वर्षांचा एक वकील निवडून ओटावात आला. नाव ज्याँ क्रेतियाँ. त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. शिकवणीची कोणतीही संस्थात्मक सोय त्या काळी नव्या खासदाराच्या वाट्याला येत नसे. त्यांनी ती भाषा वाचून, ऐकून आणि इंग्रजी भाषिक सहकाऱ्यांत मिसळून आत्मसात केली. १९७७ मध्ये ते देशाचे पहिले फ्रेंच भाषिक अर्थमंत्री झाले आणि १९९३ मध्ये पंतप्रधान. त्यांचे उच्चार अखेरपर्यंत तसेच गावरान राहिले. पण या यशाची दुसरी बाजू अशी, की त्याच काळात इंग्रजी भाषिक खासदाराला फ्रेंचचा एक शब्द न शिकता संपूर्ण कारकीर्द पार पाडता येत होती.

१२/ हा असमतोल आता क्वेबेकमध्ये असह्य होऊ लागला होता. १९६२ च्या जानेवारीत ‘ल दव्हार’ या माँट्रियलच्या दैनिकाचे संपादक आंद्रे लोरँदो यांनी अग्रलेख लिहून द्विभाषिकतेच्या प्रश्नावर राष्ट्रीय चौकशीची मागणी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनेडियन नॅशनल या सरकारी रेल्वे कंपनीचे अध्यक्ष डोनाल्ड गॉर्डन यांना संसदेच्या समितीत विचारण्यात आले, की कंपनीच्या उपाध्यक्षांत एकही फ्रेंच कॅनेडियन का नाही? बढती योग्यतेवर मिळते, असे त्यांचे उत्तर होते. माँट्रियलच्या रस्त्यावर विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा जाळला. ‘योग्यता’ या शब्दात ‘इंग्रजी’ हा शब्द न सांगता गृहीत धरलेला असतो, हे त्या उत्तराने उघडे पडले होते.

१३/ जुलै १९६३ मध्ये पंतप्रधान लेस्टर पिअरसन यांनी द्विभाषिकता आणि द्विसांस्कृतिकता यांवरील राजकीय आयोग नेमला. लोरँदो आणि डेव्हिडसन डंटन हे त्याचे संयुक्त अध्यक्ष. देशभर फिरून १९६५ च्या फेब्रुवारीत त्यांनी प्राथमिक अहवाल दिला आणि कॅनडा आपल्या इतिहासातील सर्वांत मोठ्या संकटातून जात आहे, असा निष्कर्ष नोंदवला. १९६१ च्या जनगणनेनुसार दोन्ही भाषा बोलणारे लोक देशात जेमतेम १२ टक्के होते, आणि त्यांत फ्रेंच मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण मोठे होते. म्हणजे दोन समाजांमधील पूल एकाच काठावरचे लोक बांधत होते.

१४/ सरकारने आधी आपल्या नोकरांना शाळेत पाठवले. १९६४ मध्ये सनदी सेवकांसाठी भाषावर्ग सुरू झाले. ६ एप्रिल १९६६ रोजी पिअरसन यांनी संसदेत धोरण जाहीर केले, की नागरिकाला त्याच्या भाषेत उत्तर मिळेल आणि कर्मचाऱ्याला आपल्या भाषेत वरिष्ठांशी पत्रव्यवहार करता येईल, अशी प्रशासनव्यवस्था टप्प्याटप्प्याने उभारली जाईल. काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना वर्षभरासाठी कुटुंबासह क्वेबेक शहरी राहायला पाठवण्यात आले, तर काही फ्रेंच भाषिकांना टोरँटोला. चाळिशी-पन्नाशीतील विभागप्रमुख पुन्हा बाकावर बसून क्रियापदे चालवू लागले.

१५/ सुरुवातीच्या वर्गांतील एक गंमत उल्लेखनीय आहे. त्या काळी ‘व्ह्वा ए इमाज द फ्रांस’ ही फ्रान्समध्ये तयार झालेली दृक्‌श्राव्य पद्धत वापरली जाई. पडद्यावर चित्रे, ध्वनिफितीवर संवाद, आणि सारे प्रसंग पॅरिसमधले. हे शिकून बाहेर पडलेला अधिकारी क्वेबेकच्या खेड्यातील माणसाशी बोलू लागला, की उच्चारांपासून नित्याच्या शब्दांपर्यंत अडखळे. भाषा शिकवायची तर कोणाची, हा प्रश्न तेथे प्रथम जाणवला. पुढे कॅनडातील माणसे आणि कॅनडातील कार्यालये डोळ्यांपुढे ठेवून नवे अभ्यासक्रम तयार झाले.

१६/ पियरे ट्रुडो यांच्या सरकारने १९६९ मध्ये राजभाषा कायदा आणला. संघराज्याच्या सर्व संस्थांत इंग्रजी आणि फ्रेंच यांना समान दर्जा मिळाला. सर्व प्रमुख पक्षांच्या नेत्यांनी पाठिंबा दिला. तरी दुसऱ्या वाचनाच्या वेळी १७ पुराणमतवादी खासदारांनी विरोधात मत दिले. त्यांत डीफेनबेकरही होते. ज्यांच्या काळात सभागृहात भाषांतराचे यंत्र आले, त्यांनाच हा कायदा मान्य नव्हता. हे वरवर विसंगत दिसते, पण त्यामागे एक सुसंगत भूमिका होती. यंत्रामुळे कोणालाच काही शिकावे लागत नव्हते. कायद्यामुळे मात्र अनेकांच्या नोकरीच्या आणि बढतीच्या अटी बदलणार होत्या.

१७/ ती भीती निराधार नव्हती. पश्चिमेकडील प्रांतांत, जेथे मैलोन्‌मैल फ्रेंच कानी पडत नाही, तेथील कारकुनाला हा अन्याय वाटला. शिवाय वर्गांचे फळही संमिश्र निघाले. १९७६ मध्ये भाषातज्ज्ञ जिल बिबो यांच्या स्वतंत्र अभ्यासाने प्रशासनातील भाषाशिक्षणावर कठोर टीका केली. अनेक महिने वर्गात घालवून परतलेला कर्मचारी पुन्हा इंग्रजी कार्यालयातच बसे आणि शिकलेले विसरून जाई. पहिले राजभाषा आयुक्त कीथ स्पायसर यांनीही भर बदलण्याचा आग्रह धरला : प्रौढांवर एवढा खर्च करण्यापेक्षा शाळेतील मुलांकडे वळा.

१८/ तो मार्ग पालकांनी आधीच शोधला होता. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथील इंग्रजी भाषिक पालकांनी आग्रह धरून बालवर्गापासून संपूर्ण शिक्षण फ्रेंचमधून देणारा वर्ग सुरू करवला. मॅकगिल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी त्या मुलांचा अभ्यास केला. हा प्रयोग पुढे देशभर पसरला. प्रशासनात मात्र परीक्षांची व्यवस्था पक्की झाली. वाचन, लेखन आणि संभाषण यांसाठी अ, ब, क अशा चढत्या श्रेणी. द्विभाषिक पदावरील पात्र कर्मचाऱ्याला वर्षाला ८०० डॉलर भत्ता. १९७७ पासून या आकड्यात बदल झालेला नाही.

१९/ आणि खासदार? येथे कायदा थांबतो. निवडून येण्यासाठी भाषेची अट घालणे म्हणजे मतदाराच्या निवडीवर अट घालणे होय. १३३ व्या कलमाने दिलेल्या आपल्या भाषेच्या हक्कात दुसरी भाषा न येण्याचा हक्कही सामावलेला आहे. म्हणून हाउस ऑफ कॉमन्सचे प्रशासन सदस्यांना आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांना दुसऱ्या भाषेचे शिक्षण उपलब्ध करून देते, पण ते घ्यायलाच हवे असे म्हणत नाही. वेळ हीच मोठी अडचण. सोमवार ते शुक्रवार सभागृह आणि समित्या, शनिवार-रविवार मतदारसंघ. मतदानाची घंटा वाजली की क्रियापदे अर्धवट टाकून उठावे लागते.

२०/ यामुळे बराचसा भार खासदारांच्या सहायकांवर येतो. संसदीय समित्यांत सामान्यतः असा ठराव असतो, की कोणताही कागद दोन्ही भाषांत असल्याखेरीज सदस्यांना वाटायचा नाही. मध्यरात्री सुचलेली दुरुस्ती सकाळी समितीपुढे न्यायची, तर भाषांतर आणि त्याची तपासणी आलीच. मतदारसंघाच्या कार्यालयात पारपत्र, निवृत्तिवेतन, स्थलांतर यांच्या तक्रारी घेऊन माणसे येतात. त्या ऐकतो तो सहायक. घाबरलेला माणूस आपल्या भाषेतच नीट बोलतो. खासदाराला भाषा येते की नाही हे निवडणुकीत दिसते. सहायकाला येते की नाही, हे दारात आलेल्या माणसाला त्याच दिवशी कळते.

२१/ खासदारावर कायद्याचे बंधन नसले, तरी राजकारणाचे असते. १९८४ मध्ये पक्षनेत्यांची दूरदर्शनवरील पहिली स्वतंत्र फ्रेंच वादचर्चा झाली. क्वेबेकच्या बे-कोमो गावात वाढलेले ब्रायन मलरोनी दोन्ही भाषांत सहज बोलत. त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने क्वेबेकमधील ७५ पैकी ५८ जागा जिंकल्या. १९८० मध्ये तेथे त्या पक्षाला एकच जागा मिळाली होती. केवळ भाषेने हे घडले नाही, पण भाषेवाचूनही घडले नसते. तेव्हापासून पंतप्रधानपदाची इच्छा धरणाऱ्याने फ्रेंच शिकायचे, हा अलिखित नियम झाला. अल्बर्टातून निवडून येणारे स्टीफन हार्पर यांनी मेहनतीने फ्रेंच कमावली आणि पंतप्रधान असताना ते आपली निवेदने बहुधा फ्रेंचमधूनच सुरू करीत.

२२/ मे २०११. क्वेबेकमध्ये न्यू डेमोक्रॅटिक पक्षाची लाट आली आणि त्या पक्षाचे ५९ खासदार निवडून आले. त्यांत बर्तिये-मास्किनाँजे या जवळजवळ संपूर्ण फ्रेंच भाषिक मतदारसंघातून रूथ एलन ब्रोसो निवडून आल्या. वय २७; ओटावातील विद्यापीठाच्या पबमध्ये नोकरी. मतदारसंघात त्या कधी गेल्या नव्हत्या, प्रचाराच्या काळात त्या लास व्हेगासला होत्या आणि त्यांचे फ्रेंच अगदी तोडकेमोडके होते. देशभर थट्टा झाली. प्रतिनिधीला आपल्या मतदारांशी बोलता येऊ नये, याहून मोठी विटंबना कोणती?

२३/ ब्रोसो यांनी शिकवणी सुरू केली. फ्रेंच सुधारत गेले. गावोगावच्या सभा, शेतकऱ्यांच्या भेटी, कृषी विषयाचा अभ्यास, आणि सभागृहात फ्रेंचमधून प्रश्न. २०१५ च्या निवडणुकीत पक्षाची लाट ओसरली, क्वेबेकमधील त्यांचे बहुतेक सहकारी पडले. ब्रोसो मात्र पुन्हा निवडून आल्या. ज्यांना त्यांनी निवडणुकीआधी एकदाही तोंड दाखवले नव्हते, त्याच मतदारांनी त्यांना दुसऱ्यांदा निवडले. भाषा शिकणे हे येथे क्षमायाचनेचे आणि सेवेचे एकत्रित रूप ठरले.

२४/ त्याच वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये, मायकेल फर्ग्युसन यांची महालेखापरीक्षक म्हणून नेमणूक झाली. ते न्यू ब्रन्सविक या द्विभाषिक प्रांताचे होते, पण फ्रेंच त्यांना येत नव्हते. वर्षभरात शिकून घेईन, असे त्यांनी सांगितले आणि त्यासाठी खरोखर कष्टही घेतले. पण संसदेसमोर उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने ‘शिकून घेईन’ म्हणावे, हे अनेकांना रुचले नाही. अलेक्सांद्रीन लातांद्रेस या क्वेबेकच्या तरुण खासदार महिलेने खासगी विधेयक मांडले. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही ते संमत केले. जून २०१३ पासून संसदेच्या दहा उच्चाधिकाऱ्यांना नेमणुकीच्या वेळीच दोन्ही भाषा येणे बंधनकारक झाले. निवडून येणाऱ्याला शिकण्याची मुभा, नेमल्या जाणाऱ्याला आधीच येण्याची अट : हा फरक तेव्हापासून कायद्यात आहे.

२५/ या सगळ्या चर्चेत एक गृहीत कित्येक दशके तसेच राहिले, की भाषा दोनच आहेत. ४ मे २०१७ रोजी विनिपेगचे खासदार रॉबर्ट-फाल्कन वुलेट सभागृहात क्री भाषेत बोलले. विषय आदिवासी स्त्रियांवरील हिंसेचा होता. त्या भाषेचा दुभाषी नव्हता. भाषण कोणालाच कळले नाही. त्यांनी तक्रार केली, समितीने अभ्यास केला, नियम बदलला, आणि २८ जानेवारी २०१९ रोजी वुलेट यांचे क्री भाषण प्रथमच तत्काळ भाषांतरासह सभागृहाने ऐकले. १९५९ पूर्वी फ्रेंच खासदार ज्या अवस्थेत बोलत, तीच ही अवस्था होती. फक्त साठ वर्षे उशिरा दूर झालेली.

२६/ जुलै २०२१ मध्ये मेरी सायमन या इनुइट समाजातील पहिल्या गव्हर्नर जनरल झाल्या. इनुक्टिटुट आणि इंग्रजी या त्यांच्या दोन भाषा. फ्रेंच येत नव्हते. राजभाषा आयुक्तांकडे एक हजाराहून अधिक तक्रारी आल्या. सायमन यांनी सांगितले, की लहानपणी ज्या सरकारी शाळेत त्या गेल्या, तेथे फ्रेंच शिकण्याची सोयच नव्हती. त्यांनी शिकण्याचे वचन दिले आणि शिकवणी घेतली. ज्या राज्याने शाळेत भाषा शिकवली नाही, त्याच राज्याच्या सर्वोच्च पदावर ती न येण्याबद्दल दोष यावा, यात दोन्ही बाजूंचे दुःख खरे होते. फ्रेंच भाषिकांच्या मागे लाफोंतेनपासूनचा इतिहास होता. सायमन यांच्या मागे त्याहून जुना.

२७/ २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडातील १८ टक्के लोक इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलू शकतात. १९६१ च्या तुलनेत ही वाढ लक्षणीय आहे. पण त्याच आकड्यांत आणखी दोन दडले आहेत : क्वेबेकमध्ये हे प्रमाण ४६.४ टक्के, क्वेबेकबाहेर ९.५ टक्के. कायदे झाले, आयोग झाले, वर्ग भरले, परीक्षा झाल्या. तरी रस्त्यावरचा भार अजूनही बराचसा त्याच खांद्यांवर आहे, ज्यांवर तो १९६१ मध्ये होता.

२८/ म्हणूनच प्रतिनिधी आणि त्यांचे सहायक यांच्या त्या वर्गांचे महत्त्व त्यांच्या आकारापेक्षा मोठे आहे. देशातील प्रत्येक माणसाने दोन भाषा शिकाव्यात, असे कॅनडाच्या कायद्याने कधीच म्हटले नाही. नागरिकाला एकाच भाषेत निश्चिंत जगता यावे, हाच तर द्विभाषिक राज्याचा हेतू आहे. आणि त्यासाठी कोणीतरी दोन भाषा शिकाव्याच लागतात. १७९२ मध्ये क्वेबेकच्या सभागृहात राज्यकर्त्यांची भाषा न येणे हा आक्षेप होता. आज ओटावात मतदारांची भाषा न येणे हा आक्षेप आहे. भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकायला सव्वादोनशे वर्षे लागली, आणि तो अजून पुरता सरकलेला नाही.

(समाप्त)